टी-पेशीला दुसरा इशारा का लागतो?

एखादं शुद्ध प्रथिन उंदराला टोचलं, तर त्याची प्रतिकारयंत्रणा बहुतेक वेळा तिकडे फारसं लक्ष देत नाही. तेच प्रथिन मेलेल्या जिवाणूंसोबत तेलात घोटून टोचलं, की प्रतिपिंडं भरभरून तयार होतात. ही युक्ती प्रयोगशाळांमध्ये कित्येक दशकं सर्रास वापरली जात होती. ती का चालते, हा प्रश्न १९८९ साली प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी ऐरणीवर आणला आणि उत्तरही सुचवलं. पदार्थ परका असून भागत नाही, सोबत जंतू असल्याची खूणही लागते. ती खूण जन्मजात प्रतिकारशक्ती (जंतू दिसताच पुढे होणारी पहिली फळी) ओळखते, आणि तिच्या होकारावाचून टी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवायलाही मदत करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, कामाला लागत नाहीत.

हा तेव्हा निव्वळ तर्क होता. खूण ओळखणारा रेणू कुणी पाहिलाच नव्हता. १९९६मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाला दिसलं, की ‘टोल’ नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने पटापट मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांनी एका वेगळ्याच वाणाच्या उंदरांचं कोडं सोडवलं. जिवाणूंच्या आवरणातलं विष या उंदरांना बाधत नसे, पण साल्मोनेलाचा खरा संसर्ग झाला की ते सहज दगावत. त्यांच्या टीएलआर-४ या टोलसारख्याच रिसेप्टरच्या (बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाच्या) जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं. विष कळतच नसल्याने त्रास नाही, आणि कळत नसल्यामुळेच बचावही नाही! मला हा सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

रिसेप्टरला जिवाणूचा रेणू चिकटल्यावर आत काय होतं, ते जरा जवळून बघू. एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन (रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६मध्ये शोधलेलं) पेशीद्रवात तयारच असतं, पण आय-कॅपा-बी नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. इशारा आला की एक एन्झाइम या पहारेकऱ्यावर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट लागलेला पहारेकरी काही मिनिटांत तोडला जातो. मोकळं झालेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून दाह निर्माण करणारी जनुकं सुरू करतं. त्यातच आय-कॅपा-बीचंही जनुक असतं. म्हणजे सुटल्या सुटल्या ते स्वतःचा नवा पहारेकरी घडवायला घेतं. दाह एरवी आपोआप ओसरतो, त्यामागचं हे एक कारण.

याच मार्गाने जागी झालेली डेंड्रायटिक पेशी (जंतूचे तुकडे टी-पेशींना दाखवणारी पेशी) आपल्या पृष्ठभागावर बी-७ हे रेणू वाढवते, आणि जेनवे यांचा होकार तो हाच. टी-पेशी एका रिसेप्टरने जंतूचा तुकडा ओळखते, हा पहिला इशारा; तर सीडी-२८ या दुसऱ्या रिसेप्टरने बी-७ला धरते, हा दुसरा. पहिल्या इशाऱ्याने पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं आणि एनएफएटी हे प्रथिन केंद्रकात जातं. अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन नेमकं हे कॅल्सिन्युरिन थांबवतं. सीडी-२८च्या इशाऱ्यामुळे एनएफएटीला एपी-१ या जोडीदाराची साथ पुरेशी मिळते. दोघं मिळून हल्ल्याची जनुकं चालू करतात. जोडीदाराविना गेलेलं एनएफएटी मात्र वेगळीच जनुकं चालू करतं आणि ती टी-पेशी निष्क्रिय होते. आपल्याच शरीरातले तुकडे ओळखणाऱ्या कितीतरी टी-पेशी अशाच गप्प राहतात.

सक्रिय झालेली टी-पेशी काही काळाने सीटीएलए-४ हा रेणू पुढे करते. तो बी-७ला सीडी-२८पेक्षा घट्ट धरतो आणि होकार अडवतो. हा ब्रेक औषधाने सोडवला तर टी-पेशी कर्करोगावर तुटून पडतात, हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी दाखवलं. २०१८च्या नोबेलचे ते एक मानकरी. पण ब्रेक सुटल्यावर काही रुग्णांच्या आतड्याला किंवा थायरॉइडलाही सूज येते. आतड्याची सूज वाढली तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, आणि ती औषधं इतर परिणामांबरोबर एनएफ-कॅपा-बीचं कामही दाबतात.