जुन्या भिंतीला सिमेंट लावलं की ती पक्की होते?

‘वाड्याच्या, देवळाच्या दरजांत, म्हणजे विटा-दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरा, पुढची शंभर वर्षं बघायला नको’ हा सल्ला कायम फिरत असतो. सिमेंट कडक असतं, त्यामुळे तो पटतोही. पण पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच १८२४ चं. त्याआधीचे बरेच वाडे चुन्यातले. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि पुढे दरजांतूनच ती बाहेर सोडते. सिमेंट ही वाट बुजवतं. मग ओल विटेतून निघते, सोबतचे क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन फुगतात, विटेचे पापुद्रे सुटतात.

पावसाळा सरल्यावर अशी डागडुजी झालेली भिंत जवळून बघा. बऱ्याचदा सिमेंटची रेघ शाबूत आणि शेजारची वीट झिजलेली दिसेल. वरची पांढरी पूड बुरशी वाटते, पण चिमूटभर पाण्यात टाका: बहुतेक विरघळते. ते क्षार. म्हणूनच जाणकार आधी मूळ चुना तपासतात, मग त्याच्याशी जुळणारा नवा मळतात.