थंडीत गाडी दहा मिनिटं तापवायची?
‘जुनी गाडी आहे, थंडीत दहा मिनिटं जागेवर तापू दे,’ हा सल्ला चोक ओढायच्या काळातला. कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण साध्या यांत्रिक भागाने करणारी) जुनी पद्मिनी कार थंड असताना अडखळायची, तेव्हा तो ठीकच होता. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे मिश्रण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांभाळतो. उलट न्यूट्रलला इंजिन फार हळू तापतं आणि तोवर थंड इंजिनाला दिलं जाणारं जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच मिसळतं. ऑइलचा लाल दिवा विझला, अर्धा मिनिट गेलं, की निघा. निफाडच्या थंडीतही एवढं पुरतं. सुरुवातीचे काही किलोमीटर मात्र पाय हलका, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) २५०० च्या आत. आणि तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. तो कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा), ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं.