घरच्या मोठ्या सागरी अ‍ॅक्वेरियमची आखणी : सम्प, पंप आणि पाइप
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सागरी अ‍ॅक्वेरियम घरी बसवायचे ठरले की बहुतेक ग्राहक आमच्याशी मासे, प्रवाळ आणि दिवे यांविषयी बोलू लागतात. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर काढून घ्यावे, अशी आमची विनंती असते : वीज गेल्यावर टाकीतले पाणी कुठवर उतरेल आणि कुठे सामावेल? पाइपांची उंची, सम्पचा (म्हणजे टाकीतून उतरलेले पाणी जिथे जमते आणि जिथून पंप ते पुन्हा वर पाठवतो, त्या खालच्या टाकीचा) आकार आणि कॅबिनेटची मापे या उत्तरावरूनच ठरतात. म्हणून सुताराने प्लाय कापण्यापूर्वी हा आराखडा तयार हवा.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरू. तिच्यात काठोकाठ सुमारे 680 लिटर पाणी मावते. काच, खडक, स्टँड आणि भरलेला सम्प मिळून एकूण वजन एक टनाच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार गृहीत धरलेला असतो. त्यामुळे टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता बीमच्या जवळ, भिंतीलगत ठेवावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. या बाबतीत आम्ही ग्राहकाच्या घाईलाही मान देत नाही.

टाकीखाली चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच सम्प बसवला आणि त्यात नऊ इंच पाणी ठेवले, तर वर सुमारे 127 लिटरची जागा मोकळी राहते. पंप बंद पडल्यावर टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी ज्यातून सम्पकडे उतरते, त्या वरच्या दातेरी कप्प्याच्या) दातांपर्यंत उतरते. सहा बाय दोनच्या टाकीत ही उतरण दीड इंच धरली, तर 42 लिटर आणि पाइपांमधले थोडे पाणी खाली येते. एवढे सम्पमध्ये सहज मावते. मात्र पाणी वर सोडणाऱ्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली सहा इंच बुडालेले असेल, तर तोच पाइप उलट्या दिशेने सायफन होऊन (पंपाशिवाय आपोआप पाणी ओढू लागून) तब्बल 170 लिटर खाली ओढतो आणि चाळीसेक लिटर खारे पाणी दिवाणखान्यात पसरते. म्हणून हे तोंड पृष्ठभागाच्या अगदी लगत ठेवावे किंवा पाइपाला पृष्ठभागाच्या जरा खाली छोटे छिद्र पाडावे, जेणेकरून पाणी उतरताच हवा शिरून सायफन तुटतो. हे छिद्र शेवाळाने बुजते, त्यामुळे दर महिन्याला साफ करावे लागते. केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) आम्ही कधीच विसंबत नाही. त्यात चुन्याचा थर बसतो, गोगलगाय अडकते आणि झडप पूर्ण मिटत नाही.

ओव्हरफ्लोमधून खाली दोन पाइप आणावेत : एकावर गेट व्हॉल्व्ह, ज्याने प्रवाह जुळवता येतो, आणि दुसरा आणीबाणीचा, ज्यावर कोणताही व्हॉल्व्ह नसेल. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाचा असतो. चार-साडेचार फूट चढ आणि प्रत्येक एल्बो यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो, हे धरूनच पंप निवडावा.

सर्व जोडण्या यूपीव्हीसीच्या असाव्यात. नळासाठी प्लंबर सवयीने पितळी आट्यांचा एल्बो लावतात. तो इथे चालत नाही, कारण पितळातले तांबे प्रवाळांना आणि कोळंबीला मारक ठरते. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारा जोड) घालावे, म्हणजे पाइप न कापता पंप सोडवता येतो. सम्प आणि स्किमरचा (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राचा) कप टाकी न हलवता बाहेर काढता येईल, एवढी दारे रुंद आणि कॅबिनेट उंच हवे.

पाण्याचे तापमान 25 ते 26 अंशांवर राखायचे, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच. तो बंद कॅबिनेटमध्ये ठेवला की स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो. ड्राय बाल्कनी ही त्याची योग्य जागा, आणि तिथवरच्या पाइपांवर इन्सुलेशन घालावे. विजेचे बोर्ड सम्पच्या वर नकोत. ते कॅबिनेटच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाशीच गळून पडते. सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) अनिवार्य समजावा. इन्व्हर्टरवर चिलर नव्हे, तर पाणी हलते ठेवणारा छोटा पंप जोडावा. लांबलेल्या भारनियमनात आधी पाण्यातला प्राणवायू कमी पडतो.

जोडणी झाल्यावर सॉल्व्हंट सिमेंट 24 तास सुकू द्यावे. नंतर टाकी साध्या पाण्याने भरून, मीठ घालण्यापूर्वी, मेन स्विच बंद करून वीज गेल्याची चाचणी घ्यावी. पाणी पूर्ण थांबल्यावर सम्पच्या काचेवर पातळीची खूण करून ठेवावी. चालू पातळीची कमाल खूणही तिथेच करावी, आणि घरातील सर्वांना ती दाखवून ठेवावी.