काचफळी, तरंगती

खाली टेकू किंवा उभा खांब न दिसता भिंतीतूनच पुढे आल्यासारखी भासणारी काचेची फळी. बाजारात तिला ‘फ्लोटिंग ग्लास शेल्फ’ म्हणतात. या नावाचा फ्लोट काचेशी संबंध नाही. वितळलेल्या कथलावर तरंगत सपाट होणारी ती फ्लोट काच. फळी मात्र तरंगल्याचा नुसता भास देते. कोनाडा भिंतीच्या पोटात असे, त्यामुळे त्याला पडण्याची भीती नव्हती. काचफळीचा सगळा भार भिंतीबाहेर लोंबतो.

घरगुती फळीला सहसा 8 किंवा 10 मिमी टफन्ड काच वापरतात. साधी काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली की ती चार-पाच पट बळकट होते, आणि फुटलीच तर सुऱ्यांऐवजी तिचे खडे पडतात. टफन केलेली काच मात्र पुन्हा कापता किंवा तिला भोक पाडता येत नाही. म्हणून माप, भोके आणि कडांची घासाई काचवाल्याकडून आधीच करून घ्यावी लागते. 60 सेंमी लांब, 15 सेंमी रुंद, 8 मिमी जाड फळीचे वजन जेमतेम 1.8 किलो भरते.

फळी पडते ती बहुधा काचेमुळे नव्हे, भिंतीमुळे. काच पकडणारा, भिंतीला स्क्रूने बसवलेला धातूचा क्लॅम्प तरफेसारखा वागतो: 5 किलो भार भिंतीपासून 8 सेंमीवर असेल आणि स्क्रू क्लॅम्पच्या खालच्या कडेपासून 4 सेंमी वर असेल, तर स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर 10 किलोंइतका होतो. गिलावा 12 ते 15 मिमी जाड असतो. स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात तो प्लग नुसत्या गिलाव्यातच अडकला, तर त्या गिलाव्यासकट निघून येतो. म्हणून भोक विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जावे लागते आणि त्यातली भुकटी फुंकून काढावी लागते. हे फुंकणे हमखास राहून जाते. भरीव लाल विटेत साधा नायलॉन प्लग चालतो, मऊ एएसी ब्लॉकला (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याला) त्याचा खास प्लग लागतो, तर मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीट भिंतीत हॅमर ड्रिल (ठोके देत फिरणारे ड्रिल) नसेल तर ड्रिलचे टोक नुसते गरम होते. कोकण-गोव्याच्या जांभ्यात भोक कडेने झडते, तिथे घाई चालत नाही.

भोक पाडण्यापूर्वी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत हात घालू नये. वायर आणि पाइप तिथूनच गेलेले असतात. बाथरूमच्या टाइलवर चिकटपट्टी लावून, ड्रिलचे ठोके (हॅमर) बंद ठेवून सुरुवात करतात. दोन्ही क्लॅम्प एका पातळीत हवेत. स्पिरिट लेव्हल नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. काच आणि धातूच्या मध्ये रबरी गादी हवीच. स्क्रू हाताने, बेताचाच आवळावा: कड हा टफन्ड काचेचा सगळ्यात नाजूक भाग, तिथे धातू टेकला तर अख्खी फळी क्षणात खडे होऊन खाली येऊ शकते.