शतपावली

शतपावली : जेवणानंतर, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर, सावकाश चालण्याची प्रथा. मराठवाड्यात ती गावोगाव रूढ आहे. आहार आणि हालचाल यांच्या क्रमाचा रक्तशर्करेशी असलेला संबंध तपासला जाऊ लागल्यापासून आधुनिक वैद्यकातही अशा चालण्याची दखल घेतली जाते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ४६) भोजनोत्तर विधी येतो : अन्नाची ग्लानी उतरेपर्यंत राजासारखे स्वस्थ बसावे, मग ‘पादशतं गत्वा’ (‘शत’ पावले चालून) डाव्या कुशीवर पडावे. या संहितेला आजचे रूप अनेक शतकांच्या संस्करणांतून आले असावे. लोकाचार मात्र हात धुतल्याबरोबर चालायला लागण्याचा आहे. बसण्याची पायरी त्यात गळते. त्यामुळे प्रथा थेट संहितेतून उतरली असे ठामपणे म्हणता येत नाही. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (राजदप्तराचा प्रमुख) हेमाद्री (तेरावे शतक) याने वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, म्हणून तिच्याशी या आचाराचा धागा जोडण्याचा मोह होतो. परंतु अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अजीर्ण असता तो टाळावा, हे वाग्भटाचे नियम व्यायामाचे आहेत. जेवणानंतरच्या फेरीला ते लावणे ओढाताणीचे ठरेल.

‘शत’ म्हणजे नेमके शंभर की पुष्कळ? शंभर पावले मिनिटभरात संपतात. शरीरक्रियेशी दुसरा अर्थ अधिक जुळतो. अर्थात तोच ग्रंथकाराच्या मनात होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

चालताना आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत ग्लूट-४ हे वाहक प्रथिन पेशीपटलावर येते आणि इन्शुलिनच्या मदतीविनाही ग्लुकोज आत घेतले जाते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात प्रकार-२ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्याच्या तुलनेत प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणोत्तर शर्करा सरासरी १२ टक्क्यांनी कमी आढळली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. भाकरी असो वा भात, पिष्टमय पदार्थांचा मोठा वाटा रात्रीच्या ताटात असतो, हे इथे लक्षात घ्यावे. सर्वांत शेवटी जेवून लगेच भांडी घासणाऱ्या, चूल-ओटा आवरणाऱ्या बायकांचे श्रम हीसुद्धा जेवणोत्तर हालचालच आहे. तिला शतपावली म्हणत नाहीत, आणि लेखी साधनांत तिची नोंदही क्वचितच होते.

याउलट, न्याहारीआधी रानात जाणारा शेतकरी किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले यांचे श्रम उपाशीपोटीचे. रात्रभराच्या उपासाने इन्शुलिन खाली असते व चरबी अधिक जळते. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात स्थूल पुरुषांचा इन्शुलिन-प्रतिसाद न्याहारीआधीच्या व्यायामाने अधिक सुधारला. वजन मात्र न्याहारीनंतर व्यायाम करणाऱ्यांइतकेच घटले. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (शर्करा उतरवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांची शर्करा अशा उपाशी श्रमांत धोकादायकरीत्या उतरू शकते; त्यांच्यासाठी जेवणानंतरची फेरी अधिक सुरक्षित समजली जाते.