लातूरचा ‘ल’ कोणत्या फॉन्टचा?

लातूरच्या बसस्थानकावर उभं राहिलं की एसटीची पाटी, दुकानांचे फलक, फ्लेक्स, सगळीकडे ‘लातूर’ दिसतं. त्यातला पहिला ‘ल’ नीट बघा. कुठे मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या असतात, तर कुठे डावीकडे वळसा आणि उजवीकडे सरळ दंड. पाकळीचा ‘ल’ मराठी वळणाचा, दंडाचा हिंदी वळणाचा. ‘श’चंही तसंच: मराठीत देठाचा, हिंदीत गाठीचा. 2009च्या शासन निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी प्रमाण ठरवले. तरी दंडाचा ‘ल’ जिकडेतिकडे का?

कारण संगणक अक्षराचं वळण साठवत नाही, क्रमांक साठवतो. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीत ‘ल’चा क्रमांक एकच, 0932. पाकळी की दंड, हे फॉन्ट ठरवतो. विंडोजसोबत बरीच वर्षं आलेल्या, अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी घडवलेल्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये दंडाचा ‘ल’ आहे. ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तर पाकळीचा ‘ल’ उमटतो. आत्ता तुमच्या पडद्यावर कोणता ‘ल’ आहे, तोही बघून घ्या.

म्हणूनच नुसत्या ‘ल’वरून फॉन्टचं नाव सांगणं मला घाईचं वाटतं. भाषेची नोंद बदलली तरी बदलत नाहीत अशा खुणा शोधायच्या. ‘नांदेड’वरचा अनुस्वार गोल आहे की तिरप्या चौकटीसारखा? तिरपं टोक कापलेला बोरू कागदावर एकदा टेकवला की टिंब चौकटीसारखं उमटतं. काही फॉन्टनी ते वळण आजही जपलंय. ‘म’ची गाठ भरीव की पोकळ? कान्याचं खालचं टोक सपाट की तिरपं? शिरोरेषा दंडाइतकीच जाड की बारीक? ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषा किती तुटते? मोठ्या आकारात हे सगळं स्पष्ट दिसतं. बारीक छपाईत मात्र शाई पसरून गाठी बुजतात, तिथे गाठीवर विसंबू नये.

मागच्या लगीनसराईत एक पत्रिका हाती आली. वधूच्या नावात दंडाचा ‘ल’, खाली ‘लातूर’मध्ये पाकळीचा. दोन फॉन्ट वापरलेत असं पहिल्यांदा वाटलं. भिंग लावून पाहिलं: अनुस्वार दोन्हीकडे गोल, ‘म’ची गाठ तशीच पोकळ, कान्याची टोकंही सपाट. फॉन्ट एकच होता. नावाच्या ओळीला तेवढी मराठीची नोंद नव्हती.