स्वित्झर्लंडला माहीत होते, प्रवाशांना नव्हते

३ जानेवारी २००४ रोजी पहाटे इजिप्तमधल्या शर्म अल-शेखहून फ्लॅश एअरलाइन्सचे विमान उडाले आणि काही मिनिटांतच तांबड्या समुद्रात कोसळले. १४८ माणसे गेली, बहुतेक सुट्टी संपवून घरी निघालेले फ्रेंच पर्यटक. मग कळले, की स्वित्झर्लंडने या कंपनीच्या विमानांना २००२ मध्येच बंदी घातली होती. पॅरिसला निघालेल्या प्रवाशांपर्यंत ते पोचलेच नव्हते.

विमानप्रवासाची धास्ती वाटणारा माणूस आज तिकीट काढण्याआधी कंपनीची माहिती चाळतो. ती माहिती त्याच्यासमोर यायला किती जीव गेले, हे विसरू नये असे मला वाटते.

मुळात ही व्यवस्था देशादेशांतल्या विश्वासावर उभी होती. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाने आपल्या कंपन्यांवर देखरेख ठेवायची आणि इतरांनी त्याची प्रमाणपत्रे मान्य करायची. अपघाताचा तपास दोष देण्यासाठी नाही, तर पुढचा अपघात टाळण्यासाठी, हे तत्त्वही याच कराराच्या परिशिष्टातून आले. ते फार मोलाचे ठरले. पण एखाद्या देशाची देखरेखच ढिली असेल तर काय, हा प्रश्न कितीतरी वर्षे कुणी थेट विचारला नाही.

तो पुढे आला २५ जानेवारी १९९० नंतर. कोलंबियाच्या आविआंका कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालत राहिले, इंधन संपले आणि कोव्ह नेक इथे पडले. ७३ मृत्यू. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९२ पासून परदेशांतल्या नियामकांची, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणांची, तपासणी सुरू केली. दोनच वर्ग: मानकांनुसार देखरेख ठेवणारे देश आणि न ठेवणारे. लक्षात घ्या, हा शेरा कंपनीवर नसतो, तिच्या देशाच्या देखरेखीवर असतो. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनाही सदस्य देशांचे ऑडिट करू लागली.

फ्लॅशच्या अपघातानंतर मृतांच्या नातेवाइकांचा संताप उसळला तो मुख्यतः स्वित्झर्लंडची बंदी प्रवाशांपासून लपून राहिली यावर. २००५ मध्ये युरोपीय संघाने नियम केला आणि मार्च २००६ मध्ये बंदी घातलेल्या कंपन्यांची पहिली सामाईक यादी सर्वांसाठी जाहीर झाली. २००७ मध्ये इंडोनेशियाच्या सगळ्या कंपन्या तिच्यात गेल्या. शेवटच्या बाहेर पडल्या त्या २०१८ मध्ये. दरम्यान, २००३ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने स्वतःचे सुरक्षा ऑडिट सुरू केले आणि पुढे सदस्यत्वासाठी ते सक्तीचे केले.

तरीही अनेकांची नजर आधी अपघातांच्या आकड्यावर जाते. तो आकडा किती फसवा असतो, हे कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाने दाखवले. १९७६ पासून त्याच्या प्रवासी सेवेत एकही मृत्यू नव्हता. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ ११३ जण मेले, आणि उड्डाणे मुळात थोडीच असल्यामुळे त्याच विमानाचा अपघातदर एका दिवसात सर्वांत वाईट विमानांच्या रांगेत जाऊन बसला. कोरियन एअरचे उलट घडले. १९९७ मध्ये ग्वाम बेटावर तिच्या विमानाच्या अपघातात २२८ जण गेले, १९९९ मध्ये मालवाहू विमाने कोसळली, भागीदार कंपनीने तिच्याशी असलेली कोडशेअर व्यवस्था (एकमेकींच्या उड्डाणांची तिकिटे आपल्या नावाने विकणे) थांबवली. कंपनीने वैमानिकांचे प्रशिक्षण आणि कॉकपिटमधले वागणे बदलले. १९९९ नंतर तिच्या विमानांना प्राणघातक अपघात झालेला नाही. केवळ जुने अपघात मोजणाऱ्याने तिला कायमचे नापास केले असते.

भीती घेऊन बसणाऱ्यासाठी मला सर्वांत दिलासा देणारा आकडा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे अर्नोल्ड बार्नेट यांच्या अभ्यासातला वाटतो. १९६८ ते १९७७ या काळात जगभरात दर साडेतीन लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२२ या काळात सुमारे १ कोटी ३७ लाखांमागे एकाचा. अर्थात ही जगाची सरासरी आहे, आणि देशादेशांत फरक मोठा आहे. म्हणूनच नियामकाचा दर्जा आणि बंदीची यादी पाहायची.

२००५ च्या त्याच नियमाने प्रवाशाला आणखी एक हक्क दिला: तिकीट कुणीही विकलेले असो, प्रत्यक्ष विमान कोण उडवणार आहे हे त्याला आरक्षणाच्या वेळीच कळले पाहिजे. यादीत शोधायचे ते हेच नाव.